सल्फेट की गंज? स्टँडबायच्या बॅटरीची दोन दुखणी

लाइट गेली आणि इन्व्हर्टर दहा मिनिटांत बीप करू लागला की सोलापुरात निदान ठरलेलं असतं: "प्लेटा सल्फेट झाल्या." कधी ते खरंही असतं. पण वर्षभर चार्जिंगवर लावून ठेवलेली आणि क्वचितच वापरात आलेली, म्हणजे स्टँडबायची, बॅटरी बहुधा दुसऱ्याच दुखण्याने जाते. तिच्या पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजलेली असते. दोन्हींत बॅकअपच घटतो, म्हणून गल्लत होते. उपचार मात्र एकमेकांच्या उलट.

सल्फेट होणं हा मुळात बिघाड नाहीच. बॅटरी वापरली की पॉझिटिव्हवरचा चॉकलेटी लेड डायऑक्साइड आणि निगेटिव्हवरचं राखाडी, सच्छिद्र शिसं, दोन्हींचं लेड सल्फेट होतं आणि चार्ज केलं की ते परत फिरतं. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर मात्र सल्फेटचे बारीक कण मोठ्या स्फटिकांत जमतात आणि चार्जिंगला दाद देत नाहीत. मे महिन्यात मेन स्विच पाडून गावाला जाणारे नेमकं हेच घडवतात: चार्जिंग बंद, आणि उकाड्यात बॅटरी आपोआप उतरायचा वेगही वाढलेला.

गंज लागतो तो भरलेल्या बॅटरीला. १२ व्होल्टच्या बॅटरीला चार्जर साधारण १३.५ ते १३.८ व्होल्टवर धरून ठेवतो, म्हणजे आपोआप होणारी घट भरून निघते. हे लागतंच. पण त्या व्होल्टेजखाली पॉझिटिव्ह प्लेटमधली शिशाची जाळी, जी चादरीतल्या ताण्यासारखी सगळं धरून असते, ती स्वतःच थराथराने लेड डायऑक्साइड होत जाते. डायऑक्साइडला शिशापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे जाळी ताणली जाते, पॉझिटिव्ह टर्मिनल वर उचललं जातं, कधी झाकणाला तडा जातो. शेवटी जाळी जागोजाग तुटते. निगेटिव्हच्या जाळीला हा त्रास जवळपास नाहीच. गंमत म्हणजे १८५९ साली गास्ताँ प्लांतेने पहिली शिसे-आम्ल बॅटरी केली ती याच गंजाच्या जोरावर: शिशाच्या पत्र्यांतून वारंवार वीज सोडून त्यांच्याच पृष्ठभागाचा त्याने कामाचा थर बनवला. त्याच्याकडे पत्रा जाड होता; आपली जाळी बारीक असते.

ओळखायचं कसं? पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायचं साधन, घ्या. भरपूर चार्ज करूनही ग्रॅव्हिटी (हीच घनता) चढत नाही, व्होल्टेज मात्र झटकन वर जातं आणि सेल लवकर गरम होऊन बुडबुडे सोडतात, तर संशय सल्फेटवर. ग्रॅव्हिटी ठीक, लोड नसताना व्होल्टेजही ठीक, पण पंखे सुरू करताच ते कोसळतं, तर गंजावर. सीलबंद बॅटरीत हायड्रोमीटर चालत नाही. तिथे लोड टेस्ट, म्हणजे भार देऊन व्होल्टेज किती पडतं ते बघणं, आणि टर्मिनलवर नजर.

सल्फेट नवं असेल तर कमी करंटने, लांबलचक चार्जिंग करून बॅटरी बरीचशी सावरते. गंजलेल्या बॅटरीला तेच चार्जिंग दिलं की गंज आणखी वाढतो. तिला बदलण्यावाचून इलाज नाही. ग्रॅव्हिटी कमी दिसली म्हणून ॲसिड ओतणारे मला सगळ्यात धोकादायक वाटतात. ॲसिड कुठे गेलेलं नसतं, प्लेटांवरच्या सल्फेटमध्ये अडकलेलं असतं. वरून ओतलं की आकडा सुधारतो, बॅटरी नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपार जातो आणि दोन्ही दुखण्यांना तो मदतच करतो. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं तर स्टँडबायच्या बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून चार्जरने उष्णतेनुसार व्होल्टेज उतरवायला हवं: ४० अंशांवर २५ अंशांच्या तुलनेत साधारण ०.३ व्होल्टने कमी. ही सोय असलेला इन्व्हर्टर बघून घ्या, आणि बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याखाली न ठेवता खालच्या मजल्यावर, हवेशीर कोपऱ्यात ठेवा.