सीसीटीव्ही फुटेजसाठी अर्ज : कोणाकडे करायचा, काय लिहायचं, काय जोडायचं

पार्किंगमधून दुचाकी गेली, रिक्षा ठोकर देऊन पळाली, दुकान फुटलं की पहिला प्रश्न ‘कॅमेरा आहे का?’ कॅमेरा बहुतेक असतोच, पण आपण पोचेपर्यंत फुटेज गेलेलं असतं. डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीची) हार्डडिस्क भरली की जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढतं. लहान डिस्क आणि जास्त कॅमेरे असतील तर आठवडाभरातच. म्हणून पहिला अर्ज ‘अमुक वेळेतलं रेकॉर्डिंग बाजूला काढून जपून ठेवा’ असा द्या. प्रत मागणं त्यानंतर. पोच घ्यायला विसरू नका.

अर्ज कोणाकडे?

सोसायटीत सचिवाकडे, दुकानात मालकाकडे. ते देतील तर उत्तम, पण नाही म्हणाले तर तुम्हाला त्यांच्यावर सक्ती करता येत नाही. पोलिसांना येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊन रेकॉर्डिंग मागवू शकतो. त्यामुळे फिर्याद देतानाच कोणत्या दुकानाचा कॅमेरा कुठे रोखलेला आहे ते त्यात लिहून घ्यायला सांगा.

कॅमेरा महापालिकेचा, सरकारी रुग्णालयाचा किंवा पोलिसांचा असेल तर कोणाही नागरिकाला माहिती अधिकारात अर्ज करता येतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ, दाखला जोडावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि तपासात अडथळा येईल असं कारण असेल तर कलम ८(१)(ज) दाखवून नकारही मिळू शकतो. एवढ्या दिवसांत डिस्क थांबत नाही, म्हणून जतनाचं पत्र वेगळं आणि आधी.

पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं प्रकरण निराळं. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात ते रेकॉर्डिंग १८ महिने, आणि तशी यंत्रणा मिळत नसेल तर किमान वर्षभर ठेवायला सांगितलं आहे.

अर्जात काय लिहाल?

‘त्या दिवशीचं फुटेज’ असं लिहिलंत तर देणारा वैतागेल. तारीख, घटनेच्या आधीची आणि नंतरची वीस-पंचवीस मिनिटं, कॅमेऱ्याची जागा आणि स्क्रीनवर दिसणारा चॅनेल क्रमांक लिहा. यंत्रणा ‘मोशन’वर लावलेली असेल तर हालचाल झाली तेवढंच रेकॉर्ड होतं, मधल्या रिकाम्या जागा म्हणजे कुणी पुसलं असं नव्हे. फिरता पीटीझेड कॅमेरा त्या क्षणी दुसरीकडे वळलेला असू शकतो, तेव्हा शेजारच्या स्थिर कॅमेऱ्याचा चॅनेलही मागा. सोबत अलार्म लॉगची (यंत्रणेने आपोआप ठेवलेल्या बिघाडांच्या नोंदींची) प्रत मागितलीत तर फार उपयोग होतो : केबल तुटली किंवा कॅमेरा बंद पडला तर ‘व्हिडिओ लॉस’ची नोंद वेळेसह तिथे सापडते. आणि डीव्हीआरचं घड्याळ! ते सर्रास दहा-बारा मिनिटं पुढे-मागे असतं. प्रत घेताना मोबाईलची वेळ आणि स्क्रीनवरची वेळ एकाच फोटोत घ्या.

कागदपत्रे

ओळखपत्राची प्रत, तक्रारीची पोच किंवा एफआयआरची प्रत, वाहनाचा प्रश्न असेल तर आरसी, आणि कोरा पेनड्राइव्ह.

प्रकरण न्यायालयात जाणार असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून त्याचा ठरलेला नमुना आहे. भाग ‘अ’ पुरावा सादर करणाऱ्या पक्षाचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. त्यात उपकरणाची कंपनी, मॉडेल, सीरियल क्रमांक आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा सांकेतिक क्रमांक; फाइल जराही बदलली की तो बदलतो) भरायचं असतं. डीव्हीआरच्या मागच्या स्टिकरचा फोटो प्रत घेतानाच काढून ठेवा. व्हॉट्सअॅपवर आलेली क्लिप इथे चालत नाही असं समजूनच चला : पाठवताना ती दाबली जाते, मग मूळ फाइलच्या हॅशशी जुळत नाही. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या, आणि ती उघडणारा प्लेअरही त्याच पेनड्राइव्हवर मागून घ्या. कित्येक कंपन्यांच्या फाइली साध्या प्लेअरवर उघडतच नाहीत.