झाडावरच वाळलेली फुलं

दसऱ्याच्या तोरणातला झेंडू चार दिवसांत मान टाकतो, दिवाळीपर्यंत त्याला हात लावला तरी चुरा होतो. नेपाळात भाऊबिजेला, म्हणजे तिथल्या भाईटीकेला, बहीण भावाच्या गळ्यात मखमलीच्या फुलांची माळ घालते. ती महिनोन्‌महिने जांभळीच राहते; म्हणून तर ती दीर्घायुष्याची खूण. ही मखमली म्हणजे आपल्या नर्सरीत ‘बॅचलर बटन’ म्हणून मिळणारा गोम्फ्रेना.

झेंडूची पाकळी पाण्याने फुगलेली असते. पाणी उडालं की सुरकुतते. गोम्फ्रेनाचा रंग मुळी पाकळ्यांचा नसतोच. तो छदांचा, म्हणजे फुलाच्या बुडाशी येणाऱ्या बदललेल्या पानांचा. बोगनवेलीचा असतो तसा. हे छद झाडावर असतानाच कागदासारखे कोरडे होतात. आपण ‘वाळवतो’ तो मुख्यतः दांडा! त्यातलं रंगद्रव्यही बीटाच्याच जातीचं, बीटालेन. जांभळाला रंग देणारं अँथोसायनिन आणि हे बीटालेन एका झाडात कधीच एकत्र नांदत नाहीत. कोंबडा आणि कुरडू ही फुलझाडंही गोम्फ्रेनाच्याच कुळातली. पावसाळ्यात ज्याची भाजी खाल्ली, त्याच कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे पुढे बांधावर आपोआप वाळतात. विकतचे रंगवलेले तुरे आणण्यापेक्षा मला तेच आवडतात.

मूळ ऑस्ट्रेलियाचं स्ट्रॉफ्लॉवर याहून गमतीचं. त्याच्या छदांच्या पेशी मेलेल्या असतात, तरी छद हलतात. ओलावा लागला की बाहेरची बाजू फुगते आणि छद आत वळतो. वाळलेलं फूल पाण्यात बुडवा, मिटेल. उन्हात ठेवा, पुन्हा उमलेल.

स्ट्रॉफ्लॉवर हे थंडीचं पीक. बी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरावं. गोम्फ्रेनाला ऊन मानवतं, त्याचा शेंडा खुडला की फांद्या वाढतात. काढणीची वेळ मात्र दोघांची वेगळी. गोम्फ्रेना पूर्ण गोल होऊ द्यावा. स्ट्रॉफ्लॉवरच्या बाहेरच्या दोन-तीन रांगा उघडल्या की लगेच कापावं, कारण ते कापल्यावरही उमलत राहतं. उशीर झाला तर मधला पिवळा भाग उघडा पडतो. पानं काढून छोट्या जुड्या उलट्या टांगाव्यात. दांड्यातलं पाणी गेलं की त्याला फुलाचा भार पेलत नाही. उलटं टांगलं की तोच भार त्याला सरळ ठेवतो. जागा हवेशीर आणि अंधारी हवी, उजेडात रंग विटतो. दोन-तीन आठवडे पुरतात.

टांगलेल्या कोंबड्याच्या जुडीखाली तेवढा एक कागद अंथरावा. पुढच्या वर्षीचं बारीक काळं बी त्यावरच गळतं.