कायरोप्रॅक्टिक उपचार आणि कामगार भरपाई (अमेरिका)

कामावर जखमी झालेल्या कामगाराने कायरोप्रॅक्टरकडून, म्हणजे मुख्यतः मणक्यांवर हाताने दाब देऊन उपचार करणाऱ्या व्यावसायिकाकडून, घेतलेले उपचार भरपाईत कितपत धरायचे यावर अमेरिकी कायद्यांनी घातलेली बंधने. हे काम वरवर आपल्याकडच्या हाडवैद्यासारखे वाटते. मात्र तिकडे या व्यवसायाला राज्यांचा परवाना लागतो. कॅलिफोर्नियातील परवान्याचा कायदा १९२२ साली मतदारांच्या कौलाने झाला.

बंधने दोन तऱ्हांची आहेत. एकात भेटींची संख्या ठरते, दुसऱ्यात ‘डॉक्टर’ या शब्दाची व्याख्याच आवळली जाते. चर्चा पहिल्याची अधिक होते, पण दुसरे अधिक खोलवर जाणारे आहे.

संघराज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी १९१६ पासून भरपाईचा स्वतंत्र कायदा आहे. १९७४ च्या दुरुस्तीने त्यातील डॉक्टरच्या व्याख्येत कायरोप्रॅक्टर आले, पण एका अटीवर : क्ष-किरण चित्रात ‘सबलक्सेशन’ दिसले पाहिजे आणि उपचार ते दूर करण्यासाठी हाताने केलेला असला पाहिजे. नियमांत सबलक्सेशन म्हणजे मणका अंशतः निखळणे, मध्यापासून ढळणे, रेषेबाहेर जाणे, जखडणे किंवा मणक्यांमधील अंतर बिघडणे; आणि क्ष-किरण चित्रे वाचण्याचे शिक्षण घेतलेल्या कोणालाही ते चित्रात दिसायला हवे.

टपाल खात्यातील एखाद्या कामगाराची जड थैली उचलताना कंबर धरली आणि कायरोप्रॅक्टरने चित्र न काढता ‘स्नायू ताणला’ असे लिहून दिले, तर कायद्याच्या दृष्टीने तो कायरोप्रॅक्टर डॉक्टर ठरत नाही. बिल तर अडतेच, शिवाय दुखणे कामामुळे झाले हे त्याचे मतही वैद्यकीय पुरावा म्हणून चालत नाही. कामगाराला खरा फटका इथे बसतो, कारण दावाच पुराव्याविना उरतो. पात्र डॉक्टरच्या देखरेखीखाली भौतिकोपचाराच्या (फिजिओथेरपीच्या) स्वरूपाची सेवा मात्र कायरोप्रॅक्टर देऊ शकतो. वृद्धांच्या मेडिकेअर योजनेतही क्ष-किरणांची अशीच अट होती. ती २००० पासून गेली. संघराज्याच्या कर्मचाऱ्यांच्या कायद्यात ती टिकून आहे.

सबलक्सेशनची कल्पना कायरोप्रॅक्टिकचे प्रवर्तक डॅनियल डेव्हिड पामर यांच्याकडे जाते. आयोवातील डेव्हनपोर्ट येथे त्यांनी हार्वी लिलार्ड या इमारत-राखणदाराचा मणका बसवला आणि त्याचे गेलेले ऐकू येणे परत आले, अशी कथा आहे. वाकून, अवघडून जोर लावताना पाठीत काहीतरी तुटल्यासारखे झाले आणि बहिरेपण आले, असे लिलार्ड यांनी सांगितल्याचे पामर लिहितात. म्हणजे मूळ कथाच श्रमातून झालेल्या इजेची आहे. रूढ तारीख १८ सप्टेंबर १८९५. परंतु १८९७ च्या सुमारास पामर यांच्याच पत्रकात छापलेल्या लिलार्ड यांच्या निवेदनातील उल्लेख १८९६ च्या जानेवारीकडे बोट दाखवतो. निवेदन घटनेच्या अधिक जवळचे असल्याने ही तारीख दुर्लक्षिण्याजोगी नाही. मणका सरकल्याने रोग होतो या मूळ अर्थाला आधुनिक वैद्यकाने मान्यता दिलेली नाही. कायद्याने मात्र तोच शब्द उचलून त्याला चित्राची कसोटी लावली.

कॅलिफोर्नियात कामगार भरपाईच्या विम्याचे हप्ते भडकल्यावर २००३ मध्ये सेनेट विधेयक २२८ मंजूर झाले. १ जानेवारी २००४ पासूनच्या प्रत्येक इजेसाठी कायरोप्रॅक्टरच्या जास्तीत जास्त २४ भेटी ठरल्या. भौतिकोपचाराच्या २४ भेटी वेगळ्या मोजतात. मालकाने लेखी मंजुरी दिल्यास मर्यादा लागू होत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनाला २००७ मध्ये सूट मिळाली. २०१२ च्या विधेयक ८६३ ने पुढचे पाऊल टाकले : २४ भेटी संपल्या की कायरोप्रॅक्टर त्या कामगाराचा मुख्य उपचारक राहू शकत नाही. दुखणे तेच असले तरी कामगाराला नवा डॉक्टर शोधावा लागतो.

फ्लोरिडात २४ उपचार किंवा पहिल्या उपचारापासून १२ आठवडे, यांपैकी जे आधी पुरे होईल ती मर्यादा. विमा कंपनीची परवानगी किंवा अतिगंभीर इजा हे अपवाद.