साकेची परीक्षा: आधी करवसुली, मग चव

साके म्हणजे जपानची तांदळाची दारू. ती तपासायचा पेला पांढऱ्या चिनीमातीचा असतो. त्यात 180 मिली मावते आणि तळाला गडद निळी वर्तुळे असतात. जपानीत त्यांना सापाचा डोळा म्हणतात. पांढऱ्यावर साकेचा पिवळेपणा दिसतो, निळ्या रेघेच्या कडेवर गढूळपणा. म्हणजे जिभेवर थेंब पडायच्या आधीच खोट काढायला सुरुवात झालेली असते. या परीक्षेचा स्वभाव असा का, याचे उत्तर करखात्याच्या इतिहासात आहे.

1899 मध्ये जपानने घरी दारू गाळण्यावर सरसकट बंदी घातली. त्या सुमारास देशाच्या करउत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा दारूवर येत होता. पिंपातली साके नासली की कारखानदार बुडे आणि त्याच्या मागोमाग सरकारचा पैसा. म्हणून 1904 मध्ये टोकियोच्या ताकिनोगावा भागात सरकारी प्रयोगशाळा निघाली, तीही अर्थखात्याच्या हाताखाली. 1907 मध्ये देशभरातल्या साकेंची पहिली मोठी स्पर्धा झाली आणि नाव काढले हिरोशिमाने. तिथले पाणी मऊ, त्याने साके नीट होत नाही अशी तोवर समजूत होती. साकेसाठी नावाजलेल्या नादा भागातल्या कठीण पाण्याचाच दबदबा होता. 1911 पासून ताज्या साकेची वार्षिक राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली, ती आजही चालते.

इथवरचे सगळे समजण्यासारखे आहे. घोळ झाला तो 1943 च्या निर्णयाने. युद्धात तांदूळ कमी आणि खर्च अफाट, तेव्हा साकेला दर्जे लावून दर्जानुसार कर घ्यायचे ठरले. युद्धानंतर तीन दर्जे स्थिरावले: विशेष, पहिला, दुसरा. कायद्यातली व्याख्या वाचण्यासारखी आहे. विशेष म्हणजे उत्तम, पहिला म्हणजे चांगला, आणि दुसरा म्हणजे वरच्या दोन्हींत न बसणारा. तांदूळ कोणता, तो किती घासला, वरून अल्कोहोल किती ओतले, याची त्यात विचारपूस नाही. समिती चाखणार, शिक्का मारणार आणि त्या शिक्क्यावर कर ठरणार.

खरी गोम पुढेच होती. परीक्षेला साके पाठवायची सक्ती नव्हती, आणि न पाठवलेली प्रत्येक साके आपोआप दुसऱ्या दर्जाची ठरे. मोठ्या कारखान्यांना ते सोयीचे होते. तांदळाच्या टंचाईत रुजलेली पद्धत, म्हणजे अल्कोहोल, साखर आणि आम्ल घालून माल तिपटीपर्यंत वाढवायचा, शांततेच्या काळातही चालूच राहिली. तसल्या मालावरही वरचा शिक्का बसू शके आणि गिऱ्हाईक शिक्का बघून भेट द्यायला बाटली नेई. खेड्यातला छोटा कारखानदार मात्र नुसत्या तांदळाची साके करून ती मुद्दाम परीक्षेला पाठवत नसे, कारण पास झाली तर कर वाढून किंमत चढणार. परिणामी जाणकार लोक दुकानात खालच्या फळीवर शोधाशोध करू लागले. 1977 मध्ये मियागी प्रांतातल्या एका कारखान्याने तर आपल्या साकेचे नावच ‘अपरीक्षित’ या अर्थाचे ठेवले. सरकारला इतका सभ्य टोमणा क्वचितच कोणी मारला असेल.

विशेष दर्जा 1989 मध्ये गेला, उरलेले 1992 मध्ये. त्यांच्या जागी आलेली नावे चाखण्यावर नव्हे, कृतीवर बेतलेली आहेत. गिंजो नावाच्या प्रकारासाठी तांदळाचा दाणा घासून 60 टक्के किंवा त्याहून कमी उरवायचा, त्याच्या वरच्या दाइगिंजोसाठी 50. (आकडा उरलेल्या दाण्याचा असतो, काढलेल्या कोंड्याचा नव्हे, इथे भलेभले फसतात.) ज्याला हातसडीचा तांदूळ चांगला वाटतो त्याला ही उधळपट्टी वाटेल, पण बाहेरच्या थरातली प्रथिने आणि चरबी चव जड करतात. जुनमाई, म्हणजे अल्कोहोल न घातलेली, हिच्यासाठी 70 टक्क्यांची अट होती. ती 2004 मध्ये निघाली. आता आकडा फक्त लेबलवर छापावा लागतो.

एक गोष्ट मात्र बदलायला वेळ लागला. गिंजो मुळात विकण्यासाठी नव्हतीच. उभे घासणयंत्र 1930 च्या दशकात आले आणि दाणा न फुटता खोलवर घासता येऊ लागला, तेव्हा कारखाने स्पर्धेपुरते एखादे पिंप काढू लागले. पुढे हमखास पदकाचे सूत्रच तयार झाले: यामादा निशिकी तांदूळ, कुमामोतोचे यीस्ट, दाणा 35 टक्क्यांवर. परीक्षक दोष शोधतात, मग बिनदोष साके करायची. हळूहळू सगळ्या एकसारख्या लागू लागल्या. राष्ट्रीय परीक्षेत आजही कमी गुण म्हणजे चांगली साके. तिथे अनेक वर्षे सफरचंदासारखा वास देणाऱ्या एस्टर या सुगंधी रसायनाचे प्रमाण आधी मोजून नमुने त्या क्रमाने मांडत, नाहीतर घमघमणाऱ्या पेल्यानंतरचा साधा पेला मुका वाटतो.

2007 पासून लंडनमधल्या एका मोठ्या वाइन स्पर्धेत साकेचा वेगळा विभाग आहे. तिथे प्रकारानुसार गट पाडतात आणि मुरलेल्या साकेचाही स्वतंत्र गट असतो. ताज्या साकेच्या परीक्षेत मुळ्याच्या जुन्या लोणच्यासारखा वास आला की तो साठवणीचा दोष ठरतो, रंग चढला की भुवया उंचावतात. पूर्वी तर हा पिवळेपणा घालवायला साकेत कोळशाची पूड घालून ती गाळत, आणि त्या पुडीबरोबर बरीचशी चवही निघून जाई. लंडनच्या टेबलावर तीच पिवळट साके मधाच्या, सुक्या मेव्याच्या वासाची म्हणून पदक घेऊन जाते.