जुना ट्रक घेताय? आधी चेसिसचा नंबर पाहा
(कुर्ल्यातल्या आमच्या गॅरेजतर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जुन्या ट्रकचा बयाणा देण्याआधी चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. केबिनमधल्या पत्र्याच्या पाटीवर विसंबू नका. ती रिव्हेटवर बसवलेली असते आणि केबिन बदलली की पाटीही बदलते.

नंबर बहुतेक वेळा चेसिसच्या लांब पट्टीवर, पुढच्या चाकाजवळ किंवा स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटच्या आसपास असतो. एका बाजूला नाही मिळाला तर दुसरीकडे बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी गाड्यांची तऱ्हा निराळी. लष्कराच्या हिशेबात जीपसुद्धा पाव टनी ट्रकच! ती विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी बनवली. फोर्डच्या जीपला डाव्या पट्टीवर वरून नंबर ठोकलेला असतो, तर विलीजला त्याच पट्टीच्या आतल्या अंगाला छोटी पाटी असते. विलीज म्हणून दाखवलेल्या जीपच्या पट्टीवर वरून ठोकलेला नंबर दिसला, तर चेसिस फोर्डची असण्याची शक्यता मोठी.

नव्या गाड्यांवर असतो तसा १७ अक्षरांचा नंबर शोधत बसू नका. ती पद्धत अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून आली. आपल्या कुर्ल्यात प्रीमियर कंपनीने बनवलेले फार्गो-डॉज ट्रक किंवा टाटा आणि जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या १९५४ ते १९६९ या करारकाळातले टाटा-मर्सिडीज ट्रक यांचे नंबर त्याहून आखूड असतात.

इंजिनवर मात्र भले भले फसतात. ब्लॉकवरचे उठावाचे ठळक आकडे हा ओतकामाचा नंबर असतो. एकाच साच्यातल्या सगळ्या ब्लॉकवर तो सारखाच येतो. इंजिन नंबर पंचाने ठोकलेला, आत खोल गेलेला असतो. तोच आरसी बुकाशी जुळवा. नाही जुळला म्हणजे गाडी चोरीचीच, असं मुळीच नाही. पेट्रोल इंजिन काढून पर्किन्स कंपनीचं डिझेल इंजिन बसवलेले ट्रक आपल्याकडे कितीतरी आहेत. फक्त त्या बदलाला आरटीओची परवानगी आणि बुकात नोंद हवी.

मुंबईच्या खाऱ्या हवेत नंबरावर गंजाचे आणि रंगाचे थर चढलेले असतात. ते काढायला ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग कदापि नको, ही आमची कळकळीची विनंती आहे. रॉकेलचा बोळा रात्रभर ठेवा, सकाळी पितळी ब्रशने हलक्या हाताने घासा, रंग असेल तर पेंट रिमूव्हर लावा. मग टॉर्च आडवा धरा. समोरून सपाट दिसणारा आकडा सावलीत उठून दिसतो. वर पातळ कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि फोटोही काढा.

छाप नीट न्याहाळा. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा वेगळ्या वळणाचा आहे का? आजूबाजूचं लोखंड घासून पातळ झालंय का? जवळ वेल्डिंगची शिवण किंवा पुट्टी आहे का? जुन्या हस्तलिखित बुकात ३ चा ८ आणि ५ चा एस झालेला आढळतो, तेव्हा एका अक्षराच्या फरकाने घाबरून जाऊ नका, पण सौदा करण्याआधी ती दुरुस्ती आरटीओत करून घ्यायला मालकाला सांगा.

घासून काढलेला नंबरही बऱ्याचदा परत दिसू शकतो. पंच मारताना आकड्याखालचं लोखंड दाबलं जातं आणि रसायन लावल्यावर ते भोवतालच्या लोखंडापेक्षा वेगळं झिजतं. पण हे काम कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेसारख्या ठिकाणचं, गॅरेजचं नव्हे. अशी गाडी समोर आली तर आम्ही हात लावत नाही, तुम्हीही पैसे देऊ नका.

आमच्याकडे येताना पेन्सिलची छाप, फोटो आणि आरसी बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स आणा. मागच्या मालकांच्या आणि इंजिन बदलाच्या नोंदींची पानं विसरू नका.