लिंबाच्या पानावरची चंदेरी रेघ

पावसाळ्यात इंदूरच्या रामबागेतील आमच्या गच्चीवर कुंडीतल्या लिंबाला पालवी फुटली आणि आठवडाभरातच कोवळ्या पानांवर चंदेरी, नागमोडी रेघा उमटल्या. शेजारच्या काकूंनी दृष्ट लागली म्हणून फांदीला काळा दोरा बांधला, तर घरात सर्वांचे मत पडले की रात्री गोगलगाय फिरून गेली असावी. गोगलगायीचा माग ओल्या बोटाने पुसला जातो. ही रेघ पुसली जात नाही, कारण ती पानावर नसून पानाच्या आत आहे.

ती कोरणारी नागअळी म्हणजे फिलोक्निस्टिस सिट्रेला या पतंगाची अळी. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ स्टेंटन यांनी १८५६ साली कोलकात्याच्या नमुन्यांवरून या जातीचे वर्णन केले. रुपेरी पंखांच्या टोकाशी काळा ठिपका असलेला हा पतंग पंख पसरूनही जेमतेम ४ मिलिमीटर भरतो, त्यामुळे तो सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही.

मादी कोवळ्या पानावर, बहुधा खालच्या बाजूस, सुटे सुटे अंडे घालते. अंड्यातून निघणारी अळी उघड्यावर न येता तिथूनच थेट पानाच्या त्वचेत शिरते. या त्वचेवर क्युटिकलचा मेणचट पापुद्रा असतो. तो छतासारखा शाबूत ठेवून बिनपायांची ही अळी आपल्या चपट्या जबड्यांनी त्याखालच्या पेशी कापत जाते आणि पाझरणारा रस पिते. रिकाम्या झालेल्या जागेत हवा भरते, तिच्यावरून प्रकाश परावर्तित होतो आणि रेघ चांदीसारखी चमकते. भिंगातून पाहिल्यास तिच्या मधोमध विष्ठेची काळसर ओळ दिसते. सुरुवातीला केसाएवढी असलेली रेघ अळी कात टाकून वाढेल तशी रुंदावत जाते, म्हणून पान उजेडासमोर धरून रुंद टोकाशी शोधले की पिवळसर अळी सापडते. मला तर या एका रेघेत अळीचे सारे बालपण वाचता येते.

चौथ्या अवस्थेत अळी खाणे सोडते. ती पानाच्या कडेला जाऊन रेशीम कातते, धाग्यांच्या ताणाने कड दुमडते आणि त्या घडीत कोष होतो. उष्ण हवेत हे चक्र साधारण दोन आठवड्यांत पुरे होते. थंडीत त्याला सात आठवडेही लागतात.

काळ्या दोऱ्याने यातले काहीच थांबत नाही. वरवरची फवारणीही पापुद्र्याआडच्या अळीपर्यंत नीट पोचत नाही, उलट तिच्यावर जगणाऱ्या चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाश्या मात्र मरतात. मोठे झाड एवढे नुकसान सहज सोसते. जपायचे ते लहान रोपांना आणि जिथे खैऱ्या हा पाना-फळांवर खरबरीत डाग पाडणारा रोग आहे तिथल्या झाडांना, कारण या रोगाचे जिवाणू अळीने केलेल्या जखमांतून सहज पानात शिरतात.