बॅटला लटकलेला बॉल

मे महिन्यात परभणीत टेबल टेनिस खेळणं हा तसा वेडेपणाच. बाहेर पारा ४२ अंशांवर आणि हॉलमधले पंखे बंद, कारण २.७ ग्रॅमचा बॉल पंख्याच्या वाऱ्यानेही वाट सोडतो. अशाच एका संध्याकाळी दहावीतला एक पोरगा नवीन रबर लावलेली बॅट घेऊन आला. चिनी रबर, ऑनलाइन मागवलेलं, वरची पारदर्शक फिल्म नुकतीच काढलेली. त्याने बॉल रबरावर अंगठ्याने दाबला आणि बॅट पालथी केली. बॉल खाली पडेचना. आम्ही सगळे मोठ्याने मोजायला लागलो आणि नऊवर बॉल टपकला. "सर, बघा, कसा चिकटायलाय!"

मग तो बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांशी खेळायला उभा राहिला. काकांचं रबर दोन वर्षं जुनं. त्याला बॉल एक सेकंदही लटकत नाही. पोरगा ११-४ असा हरला. निम्मे टॉपस्पिन, म्हणजे बॉलला खालून वर घासून पुढे फिरवत मारलेले फटके, जाळ्यात गेले, उरलेले टेबलाबाहेर. घाम पुसत त्याने मला हळूच विचारलं, "सर, रबर डुप्लिकेट तर नसंल?"

रबर अस्सल होतं. घोळ होता तो आपण सगळेच करत असलेल्या त्या चाचणीत. बॉल लटकला म्हणजे रबर जबरदस्त आणि फिरकी भरपूर, हे आपण धरूनच चालतो. पण चिकटपणा आणि पकड या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

मराठवाड्यातल्या माणसाला हे काळ्या मातीवरून चटकन कळेल. पहिला पाऊस पडून गेल्यावर रानातून चालून बघा. चपलेला किलोकिलोचे लगदे चिकटतात, पाय उचलवत नाही. म्हणजे माती चिकट आहे. पण त्याच मातीच्या ओल्या बांधावर पाय टाकला की माणूस सपशेल घसरतो. उचलताना सोडत नाही आणि आडवं सरकताना धरत नाही! उलट नव्या रबरी तळव्याचे बूट घालून कोरड्या फरशीवर उभे राहा. बूट फरशीला अजिबात चिकटत नाही, सहज उचलता येतो, पण आडवा सरकवायला गेलात तर करकरून विरोध करतो. ही पकड. बॉलला फिरवायचं काम या आडव्या पकडीचं असतं. पालथ्या बॅटवरची चाचणी मात्र सरळ ओढून काढण्याची ताकद मोजते.

ती ताकद तरी किती? २.७ ग्रॅम वजन पेलण्याइतकी, किंवा त्याहून थोडी जास्त. आता प्रत्यक्ष फटक्याचा हिशेब करू. समजा बॉल सेकंदाला १० मीटर वेगाने आला आणि १५ मीटर वेगाने परत गेला. वेगातला एकूण बदल २५ मीटरचा. बॉल बॅटवर टेकतो तो सुमारे एक सहस्रांश सेकंद. शाळेतला न्यूटनचा नियम लावला की सरासरी जोर निघतो जवळजवळ ७ किलो वजनाइतका. एकीकडे २.७ ग्रॅम, दुसरीकडे सात किलो. अडीच हजार पटींचा फरक! एवढ्या दाबाखाली कोणतंही स्वच्छ, बऱ्यापैकी रबर बॉलला घट्ट धरतं. तिथे चिकटपणाची भर म्हणजे भरल्या पोत्यावर चिमूटभर ज्वारी.

आणि वेळेचाही प्रश्न आहे. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. रबरात गंधक मिसळून तापवलं की या साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधल्या जातात, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं. बांधणी थोडी सैल ठेवली आणि राळेसारखे पदार्थ मिसळले की पृष्ठभागाजवळच्या साखळ्यांची टोकं मोकळी वळवळत राहतात आणि टेकलेल्या वस्तूला बिलगतात. पण बिलगायला त्यांना सवड लागते. अंगठ्याने बॉल सेकंदभर दाबून धरला तर ती मिळते. एक सहस्रांश सेकंदात कितीशी मिळणार?

मग चिनी खेळाडू वेडे आहेत का? हरिकेन-३ सारखं चिकट रबर फोरहँडला लावून मा लाँगने २०१६ आणि २०२० अशी ऑलिंपिकची एकेरीतली दोन सुवर्णपदकं जिंकली. अर्थातच नाही. चिकटपणाचा उपयोग आहे, फक्त आपण समजतो तिथे तो कमी आहे.

घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं, दाब दुप्पट तर घर्षण दुप्पट, असं आपण शाळेत शिकलो. लाकडाच्या ठोकळ्याला ते ठीक लागू पडतं. रबर मात्र हा नियम नीट पाळत नाही. त्याच्या घर्षणात एक वाटा दाबाचा आणि एक वाटा बिलगण्याचा. दाब प्रचंड असतो तेव्हा बिलगण्याचा वाटा हिशेबात दिसतही नाही. दाब अगदी कमी असेल तर मात्र तोच वाटा भाव खातो. खेळात दाब कमी कधी असतो? सर्व्हिस करताना बॉलला खालून नुसतं चाटून जायचं असतं तेव्हा. जाळ्याजवळचा आखूड पुश, म्हणजे बॉल हलकेच ढकलून परत करायचा फटका, मारताना. किंवा बॅकस्पिनने, म्हणजे उलटी फिरकी घेऊन आलेल्या बॉलला हलकेच घासून वर उचलताना. अशा पातळ स्पर्शात साधं रबर जरा निसटतं, चिकट रबर निसटत नाही. चिकट रबरावर बॉलचा वेगही थोडा मरतो, त्यामुळे पुश टेबलावर आखूड पडतो आणि समोरच्याला झोडता येत नाही. चिनी शैलीत सर्व्हिस आणि पहिल्या दोन-तीन बॉलांचा आखूड खेळ इतका महत्त्वाचा आहे, त्यात या रबराचा हात आहे असं मला वाटतं. आमच्या पोराच्या सर्व्हिस त्या दिवशी खरोखर चांगल्या पडत होत्या. काकांनी त्याच्या दोन सर्व्हिस थेट जाळ्यात मारल्या. हरण्याच्या नादात ते त्याच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

आता त्याचे टॉपस्पिन का फसले ते पाहू. हा सगळ्यात रंजक भाग आहे आणि त्यात चिकटपणा जवळपास नाहीच.

बॉल पोकळ आहे, व्यास ४० मिलिमीटर. बॅट त्याला घासत सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने वर गेली असं समजा. रबराने बॉलला न घसरू देता धरलं, तर पोकळ गोलाच्या गणितानुसार त्या घासण्याच्या वेगातला ६० टक्के वाटा फिरण्यात जातो आणि ४० टक्के पुढे सरकण्यात. हिशेब केला की फिरकी येते सेकंदाला सुमारे ७२ फेरे. गंमत अशी की एकदा घसरणं थांबलं की पकड आणखी वाढवून काहीच मिळत नाही. दुप्पट चिकट रबर लावा, फेरे ७२ च राहतील. पण जगातले अव्वल खेळाडू सेकंदाला शंभराहून अधिक फेरे काढतात. वरचे फेरे येतात कुठून?

काही येतात हाताच्या वेगातून, हे उघड आहे. उरलेले येतात ताणातून. बॅटच्या लाकडी ब्लेडवर आधी स्पंज असतो, त्यावर रबर, आणि रबराचे बारीक दाणे आत, स्पंजाच्या बाजूला तोंड करून असतात. गोंद धरून या सगळ्याची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. फटका बसतो तेव्हा बॉल या गादीत रुततो, दाणे आडवे वाकतात, स्पंज तिरका ताणला जातो. गोफण ताणली जावी तसा. बॉल सुटायच्या क्षणी तो ताण परततो आणि बॉलला आणखी एक आडवा हिसका देतो. ताणाचा निम्मा वेग जरी परत मिळाला तरी ७२ चे १०८ फेरे होतात. म्हणजे चांगल्या रबरात दोन गुण हवेत: बॉलला निसटू न देणं, आणि ताणल्यावर झटक्यात परत येणं.

स्पंजाची ताकद जगाला पहिल्यांदा दिसली ती आपल्या महाराष्ट्रातच. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, आशियातली पहिलीच. त्यात जपानच्या हिरोजी सातोने जाड स्पंज लावलेल्या बॅटने पुरुष एकेरीचं विजेतेपद नेलं. तोवर बहुतेक सगळे बाहेर दाणे असलेल्या, बिनस्पंजाच्या रबराने खेळायचे, बॉलचा टक-टक आवाज ऐकून फटक्याचा अंदाज घ्यायचे. सातोच्या बॅटमधून आवाजच येत नव्हता! पुढे १९५९ मध्ये नुसता स्पंज बाद झाला आणि स्पंजावर रबर ही जोडी नियमात बसली.

चिकट चिनी रबरांचा स्पंज बहुधा कडक असतो. कडक गादीत बॉल रुतवायचा तर पाय, कंबर आणि खांदा असा सगळा झोक लागतो. मा लाँगकडे तो आहे. दहावीतल्या पोराचा झोक कोपरापासून सुरू होतो आणि मनगटाशी संपतो. त्याचा बॉल स्पंजापर्यंत पोहोचतच नव्हता, वरच्या चिकट थरातच वेग गमावून बसत होता आणि जाळ्यात जात होता. मग चिडून तो सपाट मारायचा, की बॉल थेट टेबलाबाहेर. काकांचं रबर जपानी धाटणीचं, जरा मऊ स्पंजाचं. ते हलक्या हातालाही साथ देतं. २००८ मध्ये वाफ सोडणाऱ्या, स्पंज फुगवणाऱ्या गोंदावर बंदी आली. त्याच वर्षी टेनर्जी नावाचं जपानी कंपनीचं रबर बाजारात आलं आणि ताण आत भरूनच बनवलेल्या अशा रबरांचा बोलबाला झाला. आता चिकट वरचा थर आणि उसळता स्पंज असं मिश्रणही मिळतं. किंमत मात्र विचारू नका, तेवढ्यात घरात महिन्याचं तेल-डाळ येईल.

पकडीची एक दुसरी बाजूही आहे. जे रबर तुमची फिरकी बॉलला देतं, तेच समोरच्याची फिरकीही निमूटपणे स्वीकारतं. बॅटचा कोन जरा चुकला की त्याच्या साइडस्पिनने, म्हणजे आडव्या फिरकीने, बॉल कुठेही उडतो. म्हणून काही खेळाडू एका बाजूला मुद्दाम उलट स्वभावाचं रबर लावतात. भारताची मनिका बत्रा बॅकहँडला बाहेर तोंड केलेल्या लांब दाण्यांचं रबर वापरते. ते दाणे वाकतात, घसरतात, आणि समोरच्याची फिरकी त्याच्याकडेच परत जाते.

हे सगळं पोरांना पटवायला मी एक प्रयोग केला. बॉलच्या अर्ध्या भागाला स्केचपेनने रंग दिला, बॅट फरशीवर ठेवली, आणि बॉल बोटांत जोरात फिरवून वरून सोडला. पकडणाऱ्या रबरावर बॉल टप्पा पडताच बाजूला उडी मारतो आणि त्याची फिरकी बरीचशी मरते, रंगाचे पट्टे दिसायला लागतात. पोराच्या चिकट रबरावर आणि काकांच्या रबरावर उडीत फारसा फरक दिसला नाही. मग हॉलची कपाटात धूळ खात पडलेली बॅट घेतली. बॉल जवळजवळ सरळ वर आला, तसाच गरगर फिरत. रबर होतं, पण पकड नव्हती.

इथे आपल्या हवामानाकडे यावं लागतं. उन्हाळ्यात आमच्याकडे खिडकी उघडली की पाच मिनिटांत टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. ही धूळ चिकट रबरावर आधी बसते, कारण चिकट आहे ना! पैलवान अंगाला माती लावतात ती पकड मिळावी म्हणून. रबरावर माती बसली की मात्र बॉल त्या कणांवरून घसरतो. श्रावणात उलट तऱ्हा. हवेतल्या ओलाव्याचा पातळ थर रबरावर बसतो आणि तोही वंगणासारखं काम करतो. खेळाडू दर दोन-तीन पॉइंटांनी रबर पुसताना दिसतात ते उगाच नाही.

आणि वय. जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना तुटते, तसंच रबराचं होतं. हवेतला ऑक्सिजन, ऊन आणि उष्णता यांनी वरचा थर कडक होत जातो. दुपारभर स्कूटीच्या डिकीत बॅट ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. खेळून झालं की साध्या पाण्याने ओला केलेला स्पंज फिरवायचा, सावलीत सुकवायचं, वर फिल्म चिकटवायची, बस. आमच्याकडे एकाने खोबरेल चोळलं होतं. तेलाने रबर फुगलं, कडा उचकटल्या आणि बॅट साबुदाण्याच्या पापडासारखी दिसायला लागली. शिवाय रबरावर कसलीही रासायनिक प्रक्रिया करणं नियमात बसत नाही.

जूनच्या शेवटी तोच पोरगा हिरमुसून आला. बॉल लटकतच नाही म्हणाला, दोनवरच पडतो, रबर गेलं. खरं तर तोवर काकांनी त्याला कंबर वळवायला शिकवलं होतं आणि त्याचे टॉपस्पिन टेबलावर पडायला लागले होते. मी रबर बोटाने पुसलं. बोट काळं झालं. त्याला नळावर पाठवलं. सुकल्यावर त्याने पुन्हा बॉल दाबला, बॅट पालथी केली, आणि काकांसकट सगळे मोजायला लागले. बॉल सहावर पडला.